काट्यावर कुंडी ठेवणारे डॉक्टर

डॉक्टरांचा मला राग का यायचा, हे मी क्रमानं सांगू शकते. ते वेळेवर यायचे नाहीत. आले की दवाखान्याचं दार सताड उघडं टाकून खणखणीत आवाजात बोलायचे, त्यामुळे कुणाला मूळव्याध आहे आणि कुणाची साखर वाढली आहे, हे बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना कळायचं. औषधांच्या मागणीचा कागद मी दर महिन्याला त्यांच्या टेबलावर ठेवायचे, तो ते चहाच्या कपाखाली घ्यायचे आणि गोल डागासकट, कोरा, परत पाठवायचे. आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असायचं. हे शेवटचं कारण सगळ्यात वाईट.

चाकणच्या पट्ट्यात, निघोजे गावाला लागून आमची कंपनी. गाड्यांचे सुटे भाग बनतात. ॲडमिनचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे कामगारांच्या बसगाड्या, कँटीन, गणवेश, बाग आणि दवाखाना. ज्या गोष्टी बिघडल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाहीत, त्या सगळ्या. डॉक्टर एका एजन्सीमार्फत आमच्याकडे आले होते. साठी उलटलेली. त्याआधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचे आणि तिथे कुणाशी तरी भांडून बाहेर पडले होते. कुणाशी, ते विचारलं की म्हणायचे, "सगळ्यांशी. यादी मोठी आहे, तुम्हाला आवडेल." निगडीहून जुनी स्कूटर घेऊन यायचे. अंगानं इतके काडी की, समोरून वारा आला तर स्कूटर पुढे जाईल आणि डॉक्टर मागे राहतील, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे.

दवाखान्यात माणसांचं वजन करायचा एक काटा होता. त्यावर त्यांनी तुळशीची कुंडी ठेवली होती. काटा जिथे होता तिथेच, भिंतीशी, आणि त्याच्यावर कुंडी. एकदा बाहेरचे ऑडिटर तपासणीला आले.

"डॉक्टर, वजनकाटा दिसत नाही."

"कुंडीखाली आहे."

"मग वजन कसं घेता?"

"कुंडीचं? रोज घेतो. पाणी घातलं की वाढतं, उन्हात कमी होतं. झाडाला अजून कुणी आळशी म्हटलेलं नाही."

ऑडिटरनी शेरा मारला. त्या शेऱ्याला उत्तर कुणी द्यायचं? मी. मी तणतणत दवाखान्यात गेले, तर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, खोकला घेऊन आलेल्या जाड्या माणसाला डॉक्टर आधी वजन विचारतात. बारीक माणसाला खोकला विचारतात. मी हे अख्ख्या हयातीत पाहिलंय. म्हणून काटा झाकलाय. गरज पडली की कुंडी उचलतो, मला जमतं तेवढं."

कँटीनमध्ये त्यांचं जेवण हा एक तमाशाच असायचा. एक ताट संपवून ते दुसरं आणायला रांगेत उभे राहायचे. पोळ्या, भात, वर गोड. नवीन कामगार बघत राहायचे. मग डॉक्टर ताट वर उचलून सांगायचे, "बघून घ्या. हे सगळं मी खाणार आणि उद्या एवढाच राहणार. यात माझं कर्तृत्व शून्य. आमच्या घरात सगळे असेच. आजोबा तर बुजगावणं वाटायचे. उद्या मला कुणी संयमी म्हणालं, तर त्याचं थोबाड फोडा."

"डॉक्टर, आम्ही फोडू, पण ओव्हरटाइम मिळंल का?" कुणीतरी मागून ओरडायचं.

मला हे आवडायचं नाही. जेवताना माणसानं जेवावं. पण एक प्रसंग असा आहे की, तो आठवला की आजही मला हसू येतं आणि लगेच राग येतो. आरोग्य सप्ताहात एक तंदुरुस्ती शिकवणारे गृहस्थ बोलावले होते. घट्ट टी-शर्ट, कानाला माइक. ते म्हणाले, "मित्रांनो, लठ्ठपणा हा आजार नाही, तो निर्णय आहे. इच्छाशक्ती असेल तर काय अशक्य आहे?" डॉक्टर पहिल्या रांगेतून उठले आणि त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. गृहस्थ बुटके होते.

"तुमची उंची?"

"सर?"

"कमी आहे. आईवडिलांची?"

"तेही... जरा कमीच."

"मग तुम्ही प्रयत्न का नाही केले वाढायचे? इच्छाशक्ती कमी पडली?"

सगळा हॉल हसला. ते गृहस्थ लाल झाले. डॉक्टर मात्र हसत नव्हते, हे मी पाहिलं.

त्यांचं म्हणणं मला पहिल्यांदा नीट कळलं ते मेंटेनन्सच्या मुलांमुळे. ती मुलं डोळ्यात गेलेला कण काढायला आली होती आणि डॉक्टरांना शिकवायचा झटका आला होता. दार अर्थातच उघडं होतं.

"तुमच्या मशिनच्या कूलंटच्या टाकीत सेन्सर असतो ना? टाकी भरली की काय होतं?"

"सेन्सर सांगतो, पंप बंद होतो."

"सेन्सर मेला तर?"

"टाकी भरून वाहती. पंप चालूच."

"मग तुम्ही काय करता? पंपाला शिव्या घालता? पंपाला सकाळी उठून पळायला पाठवता? 'लाज नाही वाटत, किती ओततोस' म्हणता?"

मुलं हसली.

"माणसाच्या अंगातही हेच. चरबी म्हणजे नुसता लोण्याचा गोळा नव्हे. ती मेंदूला निरोप पाठवते, साठा पुरेसा आहे म्हणून. त्या निरोपाचं नाव लेप्टिन. ते एक हार्मोन आहे. मेंदूत हा निरोप घेणारी जागा असते, तिला रिसेप्टर म्हणायचं. ती जागा कशी घडवायची, ते जीनमध्ये लिहिलेलं असतं, आईबापांकडून आलेलं. त्या लिहिण्यात चूक असली की निरोप दारापर्यंत येतो आणि दार उघडतच नाही. अंगावर साठा असून मेंदूला वाटतं, हा माणूस उपाशी मरतोय. मग तो भूक लावतो. साधी भूक नाही, दुष्काळातली. अशी पोरं पाळण्यात असल्यापासून भुकेनं रडतात."

"म्हणजे डॉक्टर, सगळे जाडे लोक सेन्सर फेल?"

"नाही रे. एवढं सरळ असतं तर मी नोबेल घेऊन घरी बसलो असतो. पूर्ण फेल फार थोडे. बाकीच्यांच्यात पुष्कळ जीन असतात, प्रत्येक जीन थोडं थोडं ढकलतो. त्यावर तुमची रात्रपाळी, झोपेचं झालेलं खोबरं आणि या मॅडमच्या कँटीनमधला वडा. दोष कुणाचा ते नंतर. निरोप कुठे अडकला ते आधी विचारा."

वड्याचा उल्लेख मला लागला. पण रात्रपाळीला डाळ-भात ठेवायचा प्रस्ताव मीच दिला होता आणि तो वरून परत आला होता, हे मी त्यांना सांगत बसले नाही.

आता मूळ गोष्ट.

आमच्या कंपनीत प्रत्येक लाइनच्या तोंडाशी एक पांढरा फळा असतो. त्यावर किती माल निघाला, किती नाकारला गेला, ते लाल आणि हिरव्या चुंबकांनी दाखवायचं. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे गडबड. लाल लागलं की त्याची 'व्हाय-व्हाय' करायची, म्हणजे पाच वेळा 'का' विचारून मुळाशी जायचं. भाग नाकारला. का? भोक मोठं पडलं. का? ड्रिल झिजलं. का? वेळेवर बदललं नाही. पद्धत चांगली आहे. मीसुद्धा बसच्या उशिरासाठी ती वापरते.

नवे प्लांट हेड आले आणि त्यांनी ती माणसांना लावली. कँटीनच्या दारात तसाच फळा आला. त्यावर फोटोसकट नावं आणि नावापुढे चुंबक. दर महिन्याला जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर वजन. ठरलेल्या आकड्यात असलात तर हिरवा, बाहेर गेलात तर लाल. मी मीटिंगमध्ये विरोध केला. साहेब म्हणाले, "मॅडम, जे दिसतं तेच सुधारतं." बाकी टेबल गप्प. ज्यांची पोटं टेबलाला टेकली होती, तेही गप्प, कारण मॅनेजर लोकांची नावं फळ्यावर नव्हती.

लाल चुंबकांमध्ये सगळ्यात वर नाव होतं वनिताचं. मापाचं गेज लावून तयार भाग तपासायचं काम करायची. निघोज्याचीच, तिथल्या जुन्या शेतकरी घरातली. एका नजरेत कळावं इतकी लठ्ठ होती आणि लहानपणापासून तशीच होती. वर्षानुवर्षं टेंपररी. त्या वर्षी कायम करायच्या यादीत तिचं नाव पहिल्यांदा लागलं होतं. त्यासाठी एकच गोष्ट राहिली होती, डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला.

तिच्या सुपरवायझरनं तिची व्हाय-व्हाय भरली. तो कागद मी पाहिला आहे. वजन जास्त. का? जास्त खाते. का? ताबा नाही. का? इच्छाशक्ती कमी. पुढचे दोन 'का' त्यानं रिकामे सोडले होते. ड्रिलसाठी सुद्धा आम्ही पाच 'का' विचारतो. बाईसाठी तिसऱ्यातच मूळ सापडलं.

वनिता दवाखान्यात आली तेव्हा डॉक्टरांसमोरच मी तिला विचारलं, काही उपाय केलेस का. ती म्हणाली, "मॅडम, सोमवार केला, चतुर्थी केली, एकादशी केली. उपास करून करून देव पातळ झाला, मी न्हाई." मग हसणं थांबवून म्हणाली, "आई सांगती, पाळण्यात असल्यापासनं भुकंनं रडायचे. दूध पाजलं तरी रडायचे. लोकं आईलाच बोलायची, पोरीला खायला घालून घालून फुगवली म्हनून."

हे ऐकलं आणि डॉक्टर खुर्चीतून उठलेच. पाळण्यातली भूक! पुण्यात त्यांच्या एका विद्यार्थिनीची जीन तपासणारी लॅब होती. वनितानं रक्त दिलं. तिची एकच अट होती, "कुनाला सांगू नका. आमच्यात बाईमानसाच्या रक्तात काय दोष हाय म्हटलं की घरच्या पोरींची लग्नं अडतात." डॉक्टर म्हणाले, "अर्थात."

अर्थात!

त्यानंतरच्या वजनाच्या दिवशी मी कँटीनमध्ये होते. साहेबांनी वनिताचं नाव पुकारलं. ती उठली नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं, वर जोडलं, "या या, काटा मजबूत आहे." काही लोक हसले. आणि डॉक्टर ताट आपटून उभे राहिले.

"बंद करा हा बाजार! त्या बाईच्या मेंदूत रिसेप्टरचा दोष आहे, कळतं का? जन्मापासूनचा दोष आहे! मी तपासणी केलीय, रिपोर्ट येतोय. तुम्ही एका आजारी माणसाला काट्यावर नाचवताय!"

त्यांना वाटलं, त्यांनी तिला वाचवलं. मी वनिताचा चेहरा पाहत होते. लोक हसले तेव्हा तो जसा होता, त्याहून तो आता वाईट झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव 'रिसेप्टर' पडलं. "काय रिसेप्टर, सिग्नल आला का?" "ताई, टॉवर बदला." लाइनवरची पोरं वाईट नव्हती, पण कंटाळलेली होती, आणि कंटाळलेल्या माणसाला एक शब्द मिळाला की तो चोथा होईपर्यंत चघळतो. बसमध्ये, गेटवर, गावातल्या किराणा दुकानात सुद्धा. तिच्या पुतणीला बघायला येणार होते, ते आलेच नाहीत. कारण कुणी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मग रिपोर्ट आला. काही निघालं नाही.

लेप्टिनचा रिसेप्टर ठीक. त्याच्या पुढच्या साखळीतले तपासलेले सगळे रिसेप्टर ठीक. डॉक्टर मला समजावत होते की, याचा अर्थ जीनचा संबंध नाही असा होत नाही, ज्या मोजक्या जागी आपण शोधलं तिथे सापडलं नाही एवढाच होतो, पुष्कळ छोट्या गोष्टी मिळूनही हे होतं. मी म्हटलं, "हे तुम्ही कँटीनमध्ये बोलला नाहीत. तिथे तुम्ही दोष आहे म्हणालात. येण्याआधीच." ते गप्प बसले नाहीत, ते कधीच बसायचे नाहीत. ते म्हणाले, "मला खात्री होती." मी म्हटलं, "सुपरवायझरलाही होती."

साहेबांच्या कानावर गेलंच. उघड्या दाराचा दवाखाना. ते खूश झाले. "म्हणजे बघा, जीन वगैरे काही नाही. सवयी आहेत. डॉक्टर, तिला अनफिट लिहा, वजन उतरवू दे, पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ म्हणजे काय, ते कंपनीत काम केलेल्या कुणालाही विचारा.

वनिता दवाखान्यात आली तेव्हा मी तिथेच होते. तिनं आल्या आल्या दार लावलं. त्या दाराला कडी आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"डॉक्टर, तुमाला काय पायजे व्हतं? माझ्या रक्तात दोष निगाला असता, तर मी चांगली बाई ठरले असते का?"

"वनिताबाई, मी तुमच्या बाजूनं..."

"माझ्या बाजूला कोन न्हाई. ते साहेब म्हनत्यात मी खादाड. तुमी म्हनता मी बिघाडलेली. दोघं बी माझ्या अंगाचीच पंचायत करताय. मी आठ तास उभी राहून गेज लावते का न्हाई? माझ्या हातनं खराब माल गेला का कधी? हे विचारलं का कुनी? तुमी तरी विचारलं?"

डॉक्टरांनी टेबलावरचा रिपोर्ट पालथा घातला. मग म्हणाले, "नाही. मी नाही विचारलं." त्याच दुपारी त्यांनी तिला जिने चढायला लावले, नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, डोळे तपासले, गुडघे वाकवून घेतले. तिच्या कामाला जे जे लागतं ते सगळं, दार लावून, मी साक्षीला.

यादीच्या मीटिंगमध्ये साहेबांनी तयारी केली होती. पडद्यावर वनिताचे महिन्यामहिन्याचे आकडे होते. ते लाल रेघ दाखवत बोलत राहिले. मला धास्ती होती की डॉक्टर आता लेप्टिनवर व्याख्यान देणार आणि सगळं घालवणार. पण त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तिच्या कामातली कोणती गोष्ट तिला जमत नाही?"

"डॉक्टर, मुद्दा तो नाही. तुमच्याच टेस्टमध्ये तर काही निघालं नाही."

"नाही निघालं. निघालं असतं तरी हाच प्रश्न होता. सांगा. एक गोष्ट सांगा. अनफिट लिहायचं तर कशासाठी अनफिट, तेही लिहावं लागतं. मी लिहून घेतो."

त्यांनी पेन उघडून धरलं. साहेबांनी सुपरवायझरकडे पाहिलं. मी वनिताच्या लाइनच्या तक्रारींची फाइल नेली होती, ती साहेबांसमोर सरकवली. तिच्या नावावर एकही तक्रार नव्हती. साहेब म्हणाले, "उद्या तिला काही झालं तर?"

"उद्या तुम्हालाही काही होईल. तुमचा रक्तदाब तिच्यापेक्षा जास्त आहे. तुम्ही कायम आहात."

डॉक्टरांनी 'फिट' लिहिलं आणि सही केली. मी कागद तिथूनच उचलला आणि त्याच दिवशी पुढे पाठवला, कारण असे कागद टेबलावर राहिले की त्यांना पाय फुटतात. वनिता कायम झाली. साहेबांकडून एजन्सीला मेल गेला, की पुढच्या महिन्यापासून दुसरे डॉक्टर पाठवा. कारण लिहिलं होतं, वेळ पाळत नाहीत. खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त संताप आला.

आपण फेडलं, असं डॉक्टरांना वाटलं असावं. ते गेज विभागात गेले, वनिताला म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. माफ करा." यंत्रांच्या गोंगाटात, हळू आवाजात. आयुष्यात पहिल्यांदा हळू.

वनितानं हातातलं गेज खाली ठेवलं. "इथं नको. कँटीनमधी बोलला व्हता, माफी बी कँटीनमधी मागा."

त्यांच्या शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, ते कँटीनच्या मधोमध उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, निरोपाचं भाषण आहे.

"याच जागी मी वनिताबाईंच्या शरीराबद्दल बोललो," डॉक्टर म्हणाले. "त्यांनी सांगू नका म्हटलं होतं, तरी बोललो. जे बोललो तेही खरं नव्हतं. त्यांचं शरीर हा माझा विषय नाही आणि तुमचाही नाही. त्यांनी मला माफ करावं." ते थांबले. थांबायला हवं होतं तिथेच थांबले होते. पण समोर एवढी माणसं गप्प बसून ऐकतायत, हे त्यांच्यानं सोसवेना. "आता मुळात रिसेप्टर म्हणजे काय, तर लेप्टिन नावाचं जे..."

"डॉक्टर!"

वनिता उभी होती.

"बसा."

डॉक्टर बसले. वाक्य अर्धं टाकून. पुढचा शब्द ओठावर आलेला दिसत होता, तो त्यांनी गिळला.

मग ती पोरांच्या टेबलाकडे वळली. "डॉक्टर शिकलेले हायत, तरी हितं उभं राहून माफी मागितली. आता ते नाव ज्याच्या तोंडात यील, त्यानं बी जेवनाच्या सुट्टीत हितंच उभं राहायचं. मी पुकारनार. साहेब पुकारत व्हते तसं, मोठ्यानं."

कुणी हसलं नाही. एक जण "न्हाई ओ, ताई" एवढंच पुटपुटला. वनिता खाली बसली आणि भाकरी मोडायला लागली.